थोरल्याची खेळणी आणि पुठ्ठ्याची नळी

थोरले मूल आठ वर्षांचे आणि धाकटे नुकतेच रांगू लागलेले असले, की मोठ्याच्या पसाऱ्यातला कोणता तुकडा धाकट्याच्या घशात अडकेल, हे नुसत्या नजरेने ठरवणे कठीण जाते. यासाठी टॉयलेट पेपरचा रोल संपल्यावर उरणारी, साधारण ४ सेंटीमीटर व्यासाची पुठ्ठ्याची नळी जपून ठेवावी.

१. शंका येईल ती वस्तू नळीत सोडावी. आरपार गेली, तर ती ३ वर्षांखालील मुलाच्या हाती लागू देऊ नये.
२. अशा वस्तू घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात आणि त्यांचा खेळ जमिनीऐवजी टेबलावर, ताटात मांडावा.

ही तपासणी शक्यतो थोरल्यावरच सोपवावी. आमच्याकडे बाहुलीचा इवलासा बूट नळीतून टपकन खाली पडला, तेव्हा दहादा सांगूनही न पटलेली गोष्ट एकदाची पटली आणि खेळानंतर सतरंजीखाली हात फिरवून पाहण्याचे कामही आपोआप सुरू झाले.

फुगे आणि बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या मात्र नळीच्या भरवशावर सोडू नयेत, कारण गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकल्यास २ तासांतच गंभीर इजा करू शकते. तशी नुसती शंका आली तरी तडक रुग्णालय गाठावे.