कमजोर टीमसाठी एकच कॉर्नर: स्टीव्ह कॉपेलच्या पॅलेसकडून

खेळणं सुटलं, शाळेने फुटबॉल टीम हातात दिली, की जळगाव-धुळ्याकडचा नवा कोच पहिल्या दिवसापासून पासिंगच्या मागे लागतो. जिल्हा स्पर्धा दोन महिन्यांवर असेल तर निम्मा सराव कॉर्नरला, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारायच्या किकला द्या. कमजोर टीमला समोरच्या बॉक्समध्ये माणसं उभी करण्याची अशी सोपी संधी दुसरी मिळत नाही.

स्टीव्ह कॉपेलची कारकीर्द यासाठी बघण्यासारखी आहे. मँचेस्टर युनायटेडचा विंगर, इंग्लंडसाठी 42 सामने. गुडघ्यामुळे 28 व्या वर्षी खेळ थांबला, आणि 1984 मध्ये, तेव्हाही 28 च वर्षांचा असताना, तो लंडनच्या क्रिस्टल पॅलेस क्लबचा मॅनेजर झाला. सप्टेंबर 1989 मध्ये लिव्हरपूलने पॅलेसला 9-0 धुतलं. एप्रिल 1990 मध्ये इंग्लंडच्या एफए कपच्या सेमीफायनलला त्याच लिव्हरपूलला पॅलेसने 4-3 ने घरी पाठवलं. मधल्या काळात दहा लाख पौंडांचा गोलकीपर आला, हे खरं. पण एक्स्ट्रा टाइममधला विजयी गोल कॉर्नरवरचा होता: जवळच्या पोस्टवर अँडी थॉर्नचा फ्लिक, म्हणजे डोक्याच्या हलक्या स्पर्शाने बॉल पुढे सरकवणं, मागून ॲलन पार्ड्यूचा हेडर. (हाच कॉपेल 2016 मध्ये केरला ब्लास्टर्सला इंडियन सुपर लीगच्या फायनलपर्यंत घेऊन गेला.)

मांडणी अशी. एक जण कॉर्नर मारणार. फ्लिक करणारा लहान बॉक्सच्या बाहेर, गोललाइनपासून साधारण 8 मीटरवर थांबेल. एक जण कीपरसमोर, पण त्याला हात न लावता. तिघं पेनल्टी स्पॉटच्या मागे, तिथून मागच्या पोस्टकडे धावायला. दोघं मोठ्या बॉक्सच्या तोंडाशी, सुटलेल्या बॉलसाठी. दोघं हाफलाइनवर, हे दोघं पुढे घुसले की समोरच्यांच्या उलट्या हल्ल्यात गोल खाल्लाच समजा.

उजव्या बाजूच्या कॉर्नरला डावखुरा मारणारा घ्या, म्हणजे बॉल गोलकडे वळतो. बॉल जवळच्या पोस्टच्या अलीकडे, डोक्याच्या उंचीवर, सपाट आणि जोरात हवा. उंच लोंबता बॉल कीपरच्या हातात जातो. मारणाऱ्याने हात वर केला की फ्लिकवाला निघतो. आधीच पोस्टपाशी जाऊन उभा राहिला तर डिफेंडर त्याच्यापुढे येतो. बहुतेक टीमचं इथेच बिघडतं. फ्लिकमध्ये मान फिरवायची नाही, बॉलला कपाळाच्या वरच्या कडेने नुसता स्पर्श.

आता ऑफसाइड. कॉर्नरच्या किकवरून थेट ऑफसाइड नसतो, पण फ्लिक झाला की असतो. त्या क्षणी मागच्या पोस्टवरचा पोरगा बॉलच्या पुढे असेल आणि त्याच्या व गोललाइनच्या मध्ये विरोधी टीमचे दोघं नसतील, तर झेंडा वर जाणार. म्हणून मागच्या तिघांनी फ्लिकनंतर पोचायचं, आधी नाही. जमिनीवर फक्कीची रेघ मारून ठेवा. फ्लिक होईपर्यंत ती ओलांडायची नाही.

पहिले काही दिवस बॉल हाताने फेकून फ्लिक करवा, मग किक. एका पोराकडून एका सरावात दहाच्या वर हेडर नकोत. प्राथमिकच्या पोरांना तर हेडिंग शिकवूच नका. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने, एफएने, 2020 मध्ये सरावासाठी हीच मार्गदर्शक सूचना दिली. खानदेशच्या उन्हाळ्यात सराव सकाळी सहाला सुरू करून साडेसातला आटपा. उन्हात पडलेल्या बॉलची हवा वाढते, तो दगडासारखा लागतो. हवा सावलीत तपासा, 8.5 पीएसआयच्या आसपास पुरे. काळ्या मातीच्या मैदानावर भेगा असतील तर कॉर्नरच्या कमानीपाशी माती भरून ठोकून घ्या, नाहीतर मारणाऱ्याचाच पाय मुरगळतो. पावसाळ्यात तिथेच पाय घसरतो, म्हणून चिखलात लांब धाव न घेता दोन-तीन पावलांतच मारायला शिकवा.

पहिल्या दोन कॉर्नरनंतर समोरच्यांनी जवळच्या पोस्टवर माणूस वाढवला, तर फ्लिकवाल्याने त्याच धावेत त्याला ओढून न्यायचं आणि मारणाऱ्याने बॉल थेट मागच्या तिघांकडे टाकायचा.