देणगीची वजावट विवरणपत्रात कशी घ्यावी

गिरगाव-लालबागच्या चाळींतून गणेशोत्सवाची वर्गणी रीतसर पावती फाडून घेतली जाते. मात्र संस्थेला आयकर कायद्यातील कलम ८०जीची (देणगीची रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करू देणाऱ्या तरतुदीची) मान्यता नसेल, तर त्या पावतीवर आयकरात सवलत मिळत नाही. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या विवरणपत्रात ही वजावट हवी असल्यास जुनी करप्रणाली निवडावी लागते, आणि केवळ देणगीसाठी तसे करणे क्वचितच परवडत असल्याने दोन्ही प्रणालींचा हिशेब आधी मांडून पाहावा. २,००० रुपयांवरील रोख देणगी ग्राह्य नाही, धान्य-कपडेही नाहीत. संस्थेकडून फॉर्म १०बीई, म्हणजे देणगीचे प्रमाणपत्र, मागून घ्यावा (मागितल्याशिवाय तो सहसा हाती पडत नाही) आणि त्यावरील संस्थेचा पॅन व रक्कम ८०जीच्या तक्त्यात जशीच्या तशी भरावी. बहुतेक खासगी न्यासांच्या बाबतीत निम्मीच रक्कम, तीही उत्पन्नाशी निगडित मर्यादेत, वजा होते.