"माझं मी करणार": बालवाडीतल्या मुलांची छोटी ध्येयं आणि आपली मदत

जूनमध्ये बालवाडी सुरू झाली की पालकांना मी एक प्रश्न विचारते, "यंदा तुमच्या मुलाला काय काय यायला हवं?" उत्तरं बहुतेक सारखीच येतात. शंभरपर्यंत आकडे, एबीसीडी, आपल्या हाताने जेवणं. मग तोच प्रश्न मी मुलांना जरा वेगळ्या शब्दांत विचारते. एकीला कोणाचा हात न धरता घसरगुंडीची शिडी चढायची असते. एकाला आजोबांसारखी शर्टाची बटणं लावायची असतात. एकाला फक्त तांब्यातून पेल्यात पाणी ओतायचं असतं, न सांडता.

हा लेख मुलांच्या यादीबद्दल आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलासाठी ध्येय आपण ठरवलं, तर ते आपलं काम होतं आणि मूल त्यात नुसतं ओढलं जातं. त्याने स्वतः ठरवलं, तर तेच मूल एका बटणाशी दहा मिनिटं झुंजतं.

पहिले चार दिवस फक्त पाहा

"तुला काय शिकायचंय?" असं थेट विचारलं तर या वयाचं मूल आपल्या तोंडाकडे पाहून आपल्याला आवडेल तेच बोलतं. म्हणून आधी नुसतं लक्ष ठेवा. ते "मी, मी!" म्हणत कुठे पुढे येतं? पुन्हा पुन्हा कशाला हात घालतं? काय जमलं नाही म्हणून रडतं? त्या रडण्यातच बऱ्याचदा त्याचं ध्येय असतं.

त्यातल्या दोन गोष्टी त्याच्यापुढे ठेवा. "तू रोज बटणांशी खटपट करतोस, आणि तांब्याही उचलायला बघतोस. आधी काय शिकूया?" ते निवडेल ते एकच काम धरा. दोन्ही एकदम नको.

काम बोटभर करा

"शर्ट घालता येणं" हे चार वर्षांच्या मुलासाठी डोंगराएवढं काम आहे. "शर्टाचं खालचं एक बटण लावणं" हे आठवड्या-दोन आठवड्यांत होण्यासारखं आहे. झालं की नाही हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे, ही माझी अट. "शहाण्यासारखं वागायचं" किंवा "ताईशी भांडायचं नाही" ही ध्येयं मुलाला दिसतच नाहीत. भांडणाचाच प्रश्न असेल तर तो करण्याच्या गोष्टीत बदला: "ताईची गाडी हवी असेल तर आधी 'मला दे ना' म्हणायचं."

मुदतही मुलाच्या भाषेत सांगा. या वयात आजच्या आधीचं सगळं "काल" असतं, त्यामुळे "पुढच्या आठवड्यात" म्हणून काही कळत नाही. "पाच झोपा झाल्या की रविवार" हे मात्र बरोबर कळतं.

शेवटचा टप्पा आधी शिकवा

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त उपयोग याच गोष्टीचा होतो, आणि घरोघरी नेमकं उलटं होतं. मूल सुरुवात करतं, मध्येच अडतं, आणि मोठं माणूस काम पुरं करून टाकतं. संपवण्याचा आनंद मोठ्याच्या वाट्याला जातो आणि मुलाकडे फक्त अडण्याची आठवण उरते.

म्हणून शेवटाकडून या. बटण तुम्ही काजात अर्धं घाला, उरलेलं अर्धं त्याला दुसऱ्या बाजूने ओढू द्या. दोन-तीन दिवस एवढंच. मग काज तुम्ही धरा आणि बटण त्याला घालू द्या. मग दोन्ही त्याच्याकडे. सराव अंगातल्या शर्टावर नको, कारण हनुवटीखाली काय चाललंय ते मुलाला दिसत नाही. जुना, मोठ्या बटणांचा शर्ट किंवा उशीचा अभ्रा मांडीवर पसरून द्या. वरच्या बटणापेक्षा खालचं बटण सोपं जातं, कारण ते नजरेसमोर येतं.

हाच क्रम दुसऱ्या कामांनाही चालतो. मोजा टाचेपर्यंत तुम्ही चढवा, वर त्याने ओढायचा. चेन खाली तुम्ही अडकवा, वर त्याने न्यायची. पाण्यासाठी लहान तांब्या घ्या, तोही अर्धाच भरा. खाली ताट ठेवा आणि पुसायचं फडकं त्याच्याच हाताशी असू द्या. सांडलेलं पुसणं हाही त्याच कामाचा भाग आहे.

साधनं विकत आणायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. तिथे त्यांनी आसपास मिळणारे खडे, शंखशिंपले आणि बिया हीच शिकण्याची साधनं केली. आपल्या स्वयंपाकघरात तर त्याहून कितीतरी जास्त आहे. मटार सोलणं, मेथी निवडणं, पोळीच्या कणकेचे गोळे करणं, यांत बोटांना बटणासाठी लागणारी ताकद आपोआप येते.

वेळ ठरवा, सकाळची सोडून

शाळेची रिक्षा दारात उभी असताना कोणाचंही बटण लागत नाही. संध्याकाळी खेळून आल्यावर किंवा अंघोळीनंतरची पाच-दहा मिनिटं पुरेत. सकाळी घाई असेल तर सरळ सांगा, "आत्ता मी लावते, संध्याकाळी तू."

घरातल्या मोठ्यांना आधी विश्वासात घ्या. आजीला नातवाची धडपड बघवत नाही, त्यामागे मायाच असते. "आई, बाकीची तुम्ही लावा, खालचं एक बटण तेवढं त्याच्यासाठी ठेवा," एवढं सांगितलं की बहुतेक आज्या आनंदाने ठेवतात, आणि मग शेजारणीला कौतुकाने सांगतातही.

अडलं की पायरीपायरीने मदत

वुड, ब्रूनर आणि रॉस या संशोधकांनी 1976 मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला शिकवून पाहिलं आणि मोठ्यांच्या मदतीला बांधकामाच्या परांचीची उपमा दिली. इमारत उभी राहीपर्यंत परांची लागते, मग उतरवतात. मदत मूल अडलं तर वाढवायची, जमू लागलं की कमी करायची.

घरी असं करा. आधी थांबा, मनात दहापर्यंत मोजा. मग एखादा शब्द सुचवा: "काज कुठे गेलं?" मग बोट दाखवा. तरीही नाही जमलं तर हाताला हात लावा, आणि लगेच काढून घ्या. मूल चिडून शर्ट फेकत असेल तर त्या दिवशीचं काम तिथेच थांबवा. भुकेलं किंवा झोपेला आलेलं मूल शिकत नाही.

खूण ठेवा, बक्षीस नको

रोजच्या प्रयत्नाला बरणीत एक चिंचोका टाकू द्या. जमलं नाही तरी टाकायचा, प्रयत्न झाला ना! बरणी भरताना दिसते आणि मूल ती हलवून आवाज ऐकत बसतं. घरात आणखी लहान बाळ असेल, किंवा मुलाला नाकाकानात काही घालायची सवय असेल, तर चिंचोके नकोत. कागदावर एकेक रेघ ओढू द्या.

चॉकलेटचं आमिष मात्र टाळा. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत, चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना "चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र" असं आधी सांगितलं. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. ज्यांना न सांगता अचानक प्रशस्तिपत्र मिळालं, त्यांचा रस मात्र टिकला. म्हणजे कौतुकाला बंदी नाही. फक्त सौदा नको.

बोलतानाही "किती हुशार माझं बाळ!" याऐवजी काय दिसलं ते सांगा. "आज बटण दोनदा निसटलं, तरी तू पुन्हा घातलंस."

रात्री दोन वाक्यं

अमेरिकेतल्या हायस्कोप नावाच्या शिक्षणपद्धतीच्या बालवाड्यांमध्ये मुलं रोज आधी काय करणार ते सांगतात, मग करतात, मग काय केलं ते आठवतात. घरी झोपताना एवढंच पुरे: "आज बटणाचं काय झालं? उद्या काय करणार?" मुलाने उत्तर दिलं नाही तर तुम्ही दिवसभरातलं एक दृश्य सांगा आणि झोपू द्या.

मन बदललं तर

आठवड्याभराने मुलाने बटण सोडून तांब्या धरला, तर मी ते अपयश मानत नाही. कारण मात्र बघते. काम फार मोठं झालं असेल तर आणखी लहान करून एकदा विचारायचं. तरी नको म्हणालं, तर शर्ट घडी घालून ठेवायचा आणि महिन्याने पुन्हा काढायचा. बोटं तोवर मोठी झालेली असतात.

आणि जमलं, तर लगेच पुढचं काम देऊ नका. मूल आता बाहुलीचं, धाकट्या बहिणीचं, समोर येईल त्याचं बटण लावत फिरेल. आजोबांना सदरा घालून पाच मिनिटं त्याच्यासमोर खाली बसायला सांगा.