ग्रिडमधला फोटो: आधी चौकटीचं माप, मग फोटोचं

समजा, दादरच्या हिंदमाता मार्केटमधल्या साड्यांच्या दुकानासाठी फ्लटरमध्ये (गूगलचं ॲप बनवायचं साधन) ॲप करायचं आहे. दोन कॉलमचा ग्रिड, प्रत्येक चौकटीत साडीचा उभा फोटो, खाली दोन ओळींत नाव आणि एका ओळीत किंमत. पहिली अडचण इथेच येते: इमेज विजेटला (फ्लटरमध्ये स्क्रीनवरचा प्रत्येक घटक म्हणजे विजेट) रुंदी १०० दिली तरी फोटो चौकटभर पसरतो. यात बग काही नाही. ग्रिडव्ह्यू आपल्या प्रत्येक चौकटीवर नेमकं माप लादतो आणि आतल्या विजेटला त्याहून लहान-मोठं होता येत नाही. फोटो लहानच हवा असेल तर तो सेंटर किंवा अलाइनमध्ये गुंडाळा, पण खरं उत्तर चौकटीच्या गणितात आहे.

रुंदीचा हिशेब सोपा. स्क्रीन ३६० लॉजिकल पिक्सेल (फ्लटरचं मापाचं एकक, खरे पिक्सेल नव्हेत), दोन्ही कडांना १६ पॅडिंग, मधली फट ८. म्हणजे (३६० − ३२ − ८) ÷ २ = १६०. फोटो ३:४ प्रमाणात, म्हणून त्याची उंची २१३.३.

उंचीत मात्र बहुतेकांची गल्लत होते. ग्रिडमध्ये उंची ठरते चाइल्ड-ॲस्पेक्ट-रेशोवरून, म्हणजे रुंदी भागिले उंची; काही न दिल्यास १, चौरस. मजकुराला ७० धरून चौकट १६० × २८४ केली आणि ०.५६३ लिहून टाकलं, की आपल्या फोनवर छान दिसतं. ३२० रुंदीच्या फोनवर चौकट १४० ची होते, उंची मिळते सुमारे २४८ आणि लागते २५७. मग डीबगमध्ये, म्हणजे ॲप बनवताना तपासतो तेव्हा, खाली ‘मजकूर मावत नाही’ सांगणारे पिवळे-काळे पट्टे. गिऱ्हाइकाच्या हाती जाणाऱ्या रिलीज बिल्डमध्ये पट्टे नसतात, मजकूर मात्र चौकटीबाहेर सांडतोच. कारण एवढंच की रुंदीबरोबर फोटोची उंची बदलते, अक्षरांची नाही. एकाच गुणोत्तरात दोन्ही बसवता येत नाहीत. फोटोला एक्स्पांडेड (उरलेली जागा भरायला लावणारं विजेट) लावून पट्टे घालवण्याची युक्ती बरेच जण करतात. पट्टे जातात, फोटोचं प्रमाण बिघडतं.

त्याऐवजी ग्रिडला लेआउट-बिल्डरमध्ये (किती जागा मिळाली ते सांगणारं विजेट) ठेवा, मिळालेल्या रुंदीवरून चौकटीची रुंदी काढा आणि ग्रिड डेलिगेटच्या (चौकटींची मांडणी ठरवणारा भाग) मेन-ॲक्सिस-एक्स्टेंटला थेट उंची द्या: रुंदी × ४ ÷ ३, अधिक मजकूर. मजकूर असा: १४ आकाराच्या दोन ओळी, १६ ची एक, ओळउंची १.४, वरची फट ८, बेरीज ६९.६. ओळउंची १.० वर आणू नका, देवनागरीत वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. शिवाय १४ आणि १६ हे आकडे टेक्स्ट-स्केलरमधून (फोनच्या सेटिंगप्रमाणे अक्षरांचा आकार वाढवणारा भाग) काढून घ्या. फोनवर अक्षरं मोठी करून वापरणारं गिऱ्हाईक कमी नसतं.

चौकटीत फोटोला ॲस्पेक्ट-रेशो ३/४ द्या. फोटो चौकटीत कसा बसवायचा ते बॉक्सफिट ठरवतं. त्यातलं कव्हर चौकट भरतं पण कडा कापतं, आणि साडीत नेमके काठच कापले गेले तर पैठणी विकायची कशी? काठ-पदर दिसायलाच हवा तिथे कंटेन (पूर्ण फोटो न कापता मावतो) वापरा आणि मागे फिका रंग भरा. उरलेल्यांना कव्हर चालेल. पदर खाली असेल तर अलाइनमेंट बॉटम-सेंटर. फिल कधीच नको, साडी ताणली जाते.

आता मेमरी. फोनने काढलेला ३००० × ४००० चा फोटो उघडला की प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे ४८ एमबी. जेपेग फाइल ३ एमबीची असली तरीही. फ्लटरच्या इमेज कॅशची (उघडलेले फोटो मेमरीत ठेवायची जागा) मर्यादा मुळात १०० एमबी, म्हणजे त्यात दोनच साड्या मावतात. स्क्रोल अडखळतो तो यामुळे. चौकट १६० ची, डिव्हाइस पिक्सेल रेशो ३ (एका लॉजिकल पिक्सेलच्या रुंदीत तीन खरे पिक्सेल), तर कॅश-विड्थ, म्हणजे फोटो मेमरीत किती रुंदीला उघडायचा ते, ४८० द्या: ४८० × ६४० × ४, जेमतेम १.२ एमबी. कॅश-हाइट सोबत देऊ नका. दोन्ही दिल्यास मूळ प्रमाण न बघता फोटो त्या मापात दाबला जातो. एक अपवाद: आडवा फोटो उभ्या चौकटीत कव्हरने बसवायचा असेल तर कॅश-विड्थऐवजी फक्त कॅश-हाइट ६४० द्या. नाहीतर ४:३ चा फोटो ४८० × ३६० चा होतो आणि ताणल्यावर धुरकट दिसतो.

कॅश-विड्थने मेमरी वाचते, डेटा नाही. फाइल पूर्णच उतरते. लोकलमध्ये नेटवर्क ये-जा करत असताना ३ एमबीची साडी कोण उतरवणार? सर्व्हरवरच ४८० रुंदीची प्रत ठेवा. फोटो येईपर्यंत फ्रेम-बिल्डरमध्ये राखाडी चौकट आणि फोटो आलाच नाही तर एरर-बिल्डरमध्ये ‘पुन्हा प्रयत्न करा’चं बटण असू द्या.

ग्रिड कॉलम विजेटमध्ये ठेवून श्रिंक-रॅप (ग्रिडची उंची सगळ्या चौकटींइतकी करणारी सेटिंग) चालू केलं तर सगळ्या चौकटी एकदमच तयार होतात, वरची सगळी बचत वाया. वर बॅनर हवाच असेल तर कस्टम-स्क्रोल-व्ह्यूमध्ये स्लिव्हर-ग्रिड घ्या (स्लिव्हर म्हणजे एकत्र स्क्रोल होणाऱ्या पानाचा एक तुकडा). रुंदी मोजायला तिथे स्लिव्हर-लेआउट-बिल्डर लागेल.