ताठरतेच्या गोळ्या घेताय? मग या चुका टाळा

सिल्डेनाफिल आणि टॅडालाफिल या दोन गोळ्यांबद्दल लिहितोय, म्हणजे ज्यांना लोक सरसकट व्हायग्रा म्हणतात त्या. माझं मेडिकल आहे, रोज या गोळ्या हातातून जातात, आणि माझं स्पष्ट मत आहे की गोळ्या चांगल्या आहेत, नीट तपासून दिल्या तर बऱ्याच जणांना गुण येतो. पण आपल्याकडे त्या इतक्या चोरून घेतल्या जातात की डॉक्टरला माहीत नाही, बायकोला माहीत नाही, आणि घेणाऱ्यालासुद्धा धड माहीत नसतं की आपण नक्की काय गिळतोय. पुढे सांगतोय त्यातल्या बहुतेक चुका या लपवाछपवीतूनच होतात.

सगळ्यात आधी सॉर्बिट्रेटचं

छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट, रोज घ्यायची मोनोट्रेट, नायट्रोग्लिसरीनचा स्प्रे किंवा अंगावर चिकटवायचा पॅच, ही सगळी नायट्रेटची औषधं. यातलं एक जरी चालू असेल तर सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल घ्यायचीच नाही. अर्धी घेतो, सकाळी ती आणि रात्री ही घेतो, असली कुठलीही तडजोड इथे चालत नाही. छातीच्या दुखण्यावरचीच निकोरँडिल नावाची गोळी चालू असेल तरी तेच. पार्ट्यांमध्ये हुंगायला मिळणारे पॉपर्स पण याच जातीतले.

कारण समजून घ्या, एकदा समजलं की विसरणार नाही. उत्तेजना आली की लिंगातल्या नसांमधून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, त्याने सीजीएमपी नावाचं द्रव्य तयार होतं, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि आत रक्त भरतं. पीडीई-५ नावाचं एन्झाइम हे सीजीएमपी मोडून टाकतं आणि आपली गोळी त्या एन्झाइमला अडवते. आता नायट्रेट काय करतं, तर अंगात बाहेरून नायट्रिक ऑक्साइड पुरवतं. म्हणजे एकीकडून सीजीएमपी धो धो बनतंय आणि दुसरीकडे ते मोडणारं कोणी नाही, मग सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात आणि बीपी असं कोसळतं की माणूस जागेवर पडतो, जीवही जाऊ शकतो. सिल्डेनाफिल मुळात छातीच्या दुखण्यावरचं, म्हणजे अंजायनावरचं औषध म्हणूनच तपासायला घेतलं होतं, हे लक्षात घेतलं तर दोघांचं भांडण का होतं ते आणखी पटतं.

आता खरी भीती कुठे आहे ते सांगतो. ज्याला हार्टचा त्रास माहीत आहे तो निदान विचारतो तरी. पण व्हॉट्सॲपवर फिरणारे मेसेज वाचून हल्ली कितीतरी घरांत इमर्जन्सीसाठी म्हणून सॉर्बिट्रेट आणून ठेवलेली असते, कोणालाच हार्टचा आजार नसताना. अशा घरातल्या पन्नाशीच्या माणसाने रात्री गुपचूप सिल्डेनाफिल घेतली, नंतर छातीत कळ आली, घाबरलेल्या बायकोने किंवा मुलाने पटकन सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवली, तर मदत करायला गेलेल्या माणसाच्या हातूनच घात होईल. म्हणून ही गोळी घेणाऱ्याने एक गोष्ट बायकोला सांगून ठेवायचीच, लाज वाटली तरी सांगायची, की मी ही गोळी घेतो आणि कधी छातीत दुखायला लागलं तर मला सॉर्बिट्रेट द्यायची नाही, सरळ १०८ ला फोन करायचा आणि कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला गोळीचं नाव आणि घेतल्याची वेळ सांगायची. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि टॅडालाफिल घेतल्यावर ४८ तास तरी नायट्रेट देत नाहीत, डॉक्टरांकडे दुसरे उपाय असतात, पण त्यांना कळलं तर. तिथे आत नेल्यावर बोलायची वेळ बायकोवरच येते, आणि तिला माहीतच नसेल तर ती काय सांगणार?

अजून एक जोडी जपायची. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन किंवा बीपीसाठी प्राझोसिन, डॉक्साझोसिन चालू असेल तर दोन्ही मिळून बीपी उतरू शकतं, उठून उभं राहताना गरगरतं. इथे पूर्ण बंदी नसते, डॉक्टर कमी डोसने, सिल्डेनाफिल असेल तर बहुधा २५ मिलिग्रॅमपासून, सुरू करतात. पण त्यासाठी चालू औषधांची सगळी यादी त्यांच्यासमोर ठेवायला हवी ना.

गोळी लागू पडली नाही म्हणता, पण घेतली कशी?

ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो. आणि चार प्रश्न विचारले की बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं.

पहिलं म्हणजे जेवण. रविवारी मटणाचा रस्सा, भाकरी, वर भात असं भरपेट जेवायचं, साडेदहाला सिल्डेनाफिल घ्यायची आणि अकराला वाट बघत बसायचं, मग ती कशी चालेल? तेलकट-तुपकट जड जेवणाने सिल्डेनाफिल रक्तात पोचायला साधारण एक तास उशीर होतो आणि चढते पण कमी. रिकाम्या पोटी किंवा हलकं खाऊन, संबंधाच्या साधारण तासभर आधी घ्यायची. टॅडालाफिलला जेवणाचा फरक पडत नाही, पण तिलाही वेळ द्यावा लागतो, दोन तास आधी घेतलेली बरी.

दुसरं, गोळी घेऊन मोबाईल बघत पडून राहणं. वर सांगितलं तसं नायट्रिक ऑक्साइड सुटायला उत्तेजना लागते, जवळीक लागते, स्पर्श लागतो. गोळी स्विच नाही. तिने इच्छा वाढत नाही, ती फक्त उत्तेजना आल्यावर ताठरता यायला आणि टिकायला मदत करते. घरात ताण आहे, दोघांत आठवडाभर बोलणं नाही आणि गोळीने सगळं होईल अशी अपेक्षा ठेवली तर गोळीला दोष देऊन उपयोग नाही.

तिसरं, दारू. एखादा पेग वेगळा आणि धीर यावा म्हणून लावलेली क्वार्टर वेगळी. जास्त दारूने ताठरता तशीच जाते आणि गोळीबरोबर बीपीही जास्त उतरतं, डोकं दुखतं, चक्कर येते.

चौथं, एकदा घेऊन सोडून देणं. पहिल्या वेळी मनावर इतकं दडपण असतं की त्यावरून निकाल लावूच नये. डॉक्टर साधारणपणे योग्य डोसवर, योग्य पद्धतीने, वेगवेगळ्या दिवशी सहा ते आठ वेळा घेऊन बघायला सांगतात आणि मगच लागू नाही असं ठरवतात. पण यातून उलटी चूक करू नका, एक लागली नाही म्हणून त्याच रात्री दुसरी घ्यायची नाही. चोवीस तासांत एकच. सिल्डेनाफिलच्या ५० मिलिग्रॅमने भागलं नाही तर १०० वर आपल्या मनाने उडी मारायची नाही, विशेषतः वय ६५ च्या पुढे असेल किंवा लिव्हर-किडनीचा त्रास असेल तर अजिबात नाही.

टॅडालाफिलचा असर ३६ तासांपर्यंत राहतो हे ऐकून काही जण घाबरतात. त्याचा अर्थ ३६ तास ताठ राहणार असा नाही हो, त्या काळात उत्तेजना आली तर मदत मिळेल एवढाच. रोज ५ मिलिग्रॅम घ्यायचा पण एक प्रकार असतो, त्यात वेळ बघत बसावं लागत नाही. तो कोणाला द्यायचा ते डॉक्टर ठरवतील.

मित्राने दिलेली, नुसती मागून आणलेली, तंबूतली

या गोळ्या शेड्यूल एच मध्ये येतात, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत. तरी विकल्या जातात, हे आमच्या धंद्यातलं वाईट आहे आणि मी ते झाकणार नाही. गिऱ्हाईक कसं येतं बघा, गर्दी कमी व्हायची वाट बघत बाहेर गाडीपाशी थांबतं, मग आत येऊन तोंडाने काही न बोलता जुन्या स्ट्रिपचा कापलेला तुकडा काचेवरून पुढे सरकवतं. त्या तुकड्यावर अर्धं नाव असतं, एक्सपायरी आणि बॅच नंबर कापून गेलेला असतो. मी विचारतो काय चालू आहे, शुगर, बीपी, हार्ट? तर उत्तर येतं, माझ्यासाठी नाही, मित्रासाठी पाहिजे.

सुहाग्रा, पेनेग्रा, मॅनफोर्स अशी नावं वेगळी, आत औषध तेच सिल्डेनाफिल. म्हणून दोन कंपन्यांच्या गोळ्या म्हणजे दोन वेगळी औषधं समजून एकत्र घेतल्या तर डोस दुप्पट होतो. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचा. काहींमध्ये सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिलबरोबर डॅपॉक्सेटिन असतं, ते लवकर वीर्यपतन होण्यावरचं औषध आहे, ताठरतेवरचं नाही. डिप्रेशनच्या गोळ्या चालू असणाऱ्याने ते आपल्या मनाने घेतलं तर महागात पडू शकतं.

लग्न ठरलेल्या पोराला मित्रांनी पहिल्या रात्रीसाठी ही गोळी देणं, हे तर बंदच झालं पाहिजे. पंचविशीतल्या, सकाळी व्यवस्थित ताठरता येणाऱ्या पोराला बहुतेक वेळा शरीराचा आजार नसतो, भीती असते. गोळीने एकदा जमलं की मग गोळीशिवाय जमणारच नाही ही नवी भीती बसते.

आणि रस्त्याकडेचे तंबू, एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या जाहिराती, ऑनलाइन मिळणारं जडीबुटीचं चूर्ण. शंभर टक्के हर्बल, साइड इफेक्ट शून्य म्हणतात आणि तासाभरात गुण येतो. चूर्णाने तासाभरात गुण आला तर मला पहिली शंका येते की आत सिल्डेनाफिल कुटून घातलंय. अशी भेसळ जगभरातल्या तपासण्यांमध्ये पुन्हा पुन्हा सापडली आहे. सॉर्बिट्रेटवर असलेला माणूस व्हायग्रा नको म्हणून हे घेतो आणि नकळत तेच पोटात जातं, किती आहे त्याचाही पत्ता नाही. असल्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे, तरी भिंती रंगलेल्याच असतात.

गोळी मिळाली म्हणून तपासणी टाळू नका

लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून चरबी साठायला लागली की त्रास आधी इथे दिसतो. हृदयाचं दुखणं बाहेर पडायच्या दोन-तीन वर्षं आधीसुद्धा ताठरता कमी झालेली असू शकते. चाळिशीनंतर हळूहळू त्रास सुरू झाला असेल तर शुगर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), बीपी, लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) आणि सकाळच्या वेळी टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन बघायलाच हवं. कितीतरी जणांना डायबिटिस आहे हे याच तपासणीत कळतं. नुसती गोळी मागून आणली की ही संधी हुकते. दोन जिने चढून दम लागत असेल किंवा छाती भरून येत असेल, तर गोळीच्या आधी हार्टच्या डॉक्टरकडे.

बीपीच्या किंवा डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही त्रास होतो, पण म्हणून त्या स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरला सांगा, बदलून मिळतात.

डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं, ॲसिडिटी, टॅडालाफिलने पाठ दुखणं, हे होतं आणि उतरतं. थोडं निळसर दिसलं तरी तेही जातं. पण एका डोळ्याने एकदम दिसेनासं झालं, एकदम ऐकू येईनासं झालं, किंवा चार तास झाले तरी ताठरता जात नाही, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. ताठरता अशीच राहिली तर आतली पेशी कायमची खराब होते. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत जाऊन हे सांगायला लाज वाटते, मान्य, पण तिथल्या डॉक्टरला यात नवीन काही नसतं.

आणि सगळं नीट करूनही गोळी लागू पडली नाही, डायबिटिस जुना असेल किंवा प्रोस्टेटचं मोठं ऑपरेशन झालं असेल तर तसं होतं, तरी यादी तिथे संपत नाही. व्हॅक्युम पंप आहे, लिंगात घ्यायचं इंजेक्शन आहे, शेवटी इम्प्लांटचं ऑपरेशन आहे. यासाठी युरोलॉजिस्टकडे जायचं, शक्यतो दोघांनी मिळून, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा पिशवीत घालून सोबत न्यायच्या.