७५ पीएसच्या मल्टिजेटवर ९० पीएसचा टर्बो: या चुका टाळा

जुनी डिझेल स्विफ्ट आणि २०१२ मध्ये आलेली डिझेल अर्टिगा, दोन्हींत इंजिन एकाच घराण्यातलं: फियाटचं १२४८ सीसीचं १.३ मल्टिजेट. आपल्या रांजणगावातही हे इंजिन बनायचं. स्विफ्टमध्ये ते ७५ पीएस ताकद आणि १९० न्यूटन मीटर टॉर्क देतं, अर्टिगात ९० पीएस आणि २०० न्यूटन मीटर. त्यामुळे स्विफ्टचा टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा भाग) गेला की बरेच जण म्हणतात, बदलायचाच आहे तर अर्टिगाचा टाकू. टाकता येतो, आणि नीट टाकला तर गाडी खालच्या आरपीएमला छान उठते. पण यात टर्बो बसवणं हे सगळ्यात सोपं काम आहे. गाड्या अडकतात त्या पुढच्या कामात.

टर्बो नवा, ताबा जुना

स्विफ्टचा टर्बो साधा आहे. बूस्ट, म्हणजे टर्बोने ढकललेल्या हवेचा दाब, ठरावीक पातळीपर्यंत चढलं की तोच दाब वेस्टगेट (जादा धूर बाजूने सोडणारी झडप) उघडतो, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) त्यात हात घालावा लागत नाही. अर्टिगाचा टर्बो व्हीजीटी, म्हणजे धुराची वाट लहान-मोठी करू शकणारा. त्याच्या टर्बाइनभोवती (धुराने फिरणाऱ्या चाकाभोवती) खिडकीच्या झडपांसारख्या हलत्या पट्ट्या असतात आणि त्या व्हॅक्युमवर (हवेच्या ओढीवर) चालतात. किती व्हॅक्युम द्यायचा हे ईसीयू एका सोलेनॉइड व्हॉल्व्हमार्फत (विजेवर चालणाऱ्या झडपेमार्फत) क्षणोक्षणी ठरवतो. म्हणजे टर्बोबरोबर सोलेनॉइड, त्याच्या नळ्या, वायरिंग आणि व्हीजीटी ओळखणारं ईसीयूचं सॉफ्टवेअर, हे सगळं आलं. दुसऱ्या गाडीचा ईसीयू उचलून लावाल तर इमोबिलायझर (चोरीविरोधी यंत्रणा) गाडी चालू होऊ देणार नाही. त्यामुळे आपल्याच ईसीयूत सॉफ्टवेअर भरून देणारा जाणकार माणूस आधी गाठा, टर्बो नंतर विकत घ्या.

इथे एक जुगाड सर्रास होतो आणि तोच सर्वांत घातक आहे. व्हॅक्युम पंपाची नळी थेट ॲक्च्युएटरला (रॉड ओढून पट्ट्या हलवणाऱ्या डबीला) जोडून देतात. पट्ट्या कायम मिटलेल्या राहतात, खालच्या आरपीएमला पिकअप जबरदस्त वाटतो आणि मालक खूश होतो. मग हायवेवर पाय दाबला की बूस्ट चढतच जातं. या टर्बोचा शाफ्ट एरवीही मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेतो. त्यावर आणखी वेग चढला तर तो टिकत नाही.

ॲक्च्युएटर तपासायची सोपी पद्धत: बोनेट उघडा, दुसऱ्याला गाडी चालू करायला सांगा आणि रॉडकडे बघत राहा. इंजिन सुरू होताच रॉड आत ओढला गेला पाहिजे, बंद केल्यावर न अडकता परत आला पाहिजे. हललाच नाही तर आधी नळ्या बघा. कडक झालेली किंवा चिरलेली नळी हेच बहुतेक वेळा कारण निघतं. रॉड मधेच अडखळत असेल तर पट्ट्यांवर काजळी बसली आहे. जुना टर्बो घेताना हे दुकानातच हाताच्या व्हॅक्युम पंपाने बघून घ्या. स्टॉप स्क्रू (पट्ट्या कुठवर मिटतील ते ठरवणारा) फिरवून बूस्ट 'सेट' करणाऱ्याला मात्र हात लावू देऊ नका. तो स्क्रू बेंचवर हवेचा प्रवाह मोजून बसवलेला असतो.

ऑइलकडे दुर्लक्ष

नवा टर्बो थोड्याच दिवसांत गेला की दोष टर्बोला दिला जातो. आधी टर्बोला ऑइल पुरवणारी फीड नळी कापून बघा. आत कोळशासारखा थर दिसेल. जुनी फीड नळी पुन्हा वापरायचीच नाही, वॉशर आणि गास्केटही नवे घ्या. तिथे सिलिकॉन अजिबात लावू नका, त्याचा तुकडा सुटून भोकात अडकतो आणि बेअरिंग कोरडं पडतं. ऑइल आणि फिल्टर त्याच वेळी बदला, ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच घ्या.

बसवल्यावर टर्बोच्या फीडच्या भोकात स्वच्छ ऑइल भरा, इंजेक्टरच्या वायरचे प्लग काढून ठेवा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबत थांबत सेल्फ मारा. मग प्लग लावून गाडी चालू करा आणि काही मिनिटं रेस न देता आयडलवर ठेवा.

निळा धूर येत असेल तर टर्बो उतरवण्याआधी ऑइलची परतीची नळी आणि इंजिनचा ब्रीदर (आतली वाफ बाहेर सोडणारी वाट) तपासा. ऑइल टर्बोतून स्वतःच्या वजनाने खाली सम्पमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) उतरतं. नळी दुमडली असेल किंवा ब्रीदर चोंदला असेल, तर ते सीलमधून बाहेर पडतं.

इंटरकूलर न धुता जोडणं

जुना टर्बो ऑइल फेकत गेला असेल तर ते ऑइल इंटरकूलरमध्ये (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीत) साचलेलं असतं. नव्या टर्बोचं बूस्ट ते थेट इंजिनात ढकलतं. मग इंजिन तेच ऑइल जाळत रेस धरतं आणि चावी काढली तरी बंद होत नाही. जिवावर बेतणारी गोष्ट आहे ही. इंटरकूलर आणि पाइप काढून, धुऊन, पूर्ण वाळवूनच जोडा; तुटलेल्या पात्यांचे कणही तिथेच सापडतात. कधी इंजिन असं सुटलंच तर ब्रेक पूर्ण दाबा, वरचा गियर टाका आणि क्लच सोडा, इंजिन गुदमरून थांबेल. हात इनटेकजवळ (हवा आत ओढणाऱ्या तोंडाजवळ) नेऊ नका.

लक्षणावरून निदान

चेक लाइट लागून ताकद गेली तर स्कॅनर लावा. पी०२९९ म्हणजे बूस्ट कमी: क्लॅम्प, इंटरकूलरचा पाइप आणि व्हॅक्युम बघा. सोबत काळा धूर असेल तर हवा गळते आहे हे जवळपास नक्की. पी०२३४ म्हणजे बूस्ट जास्त: पट्ट्या अडकल्या किंवा सॉफ्टवेअर चुकलं. सायरनसारखा आवाज येत असेल तर गाडी चालवू नका, फिरणाऱ्या भागाचा तोल गेलेला असतो. स्वस्तात रिकंडिशन केलेल्या टर्बोत हे नेहमी दिसतं. शाफ्ट बाजूला किंचित हलला तर चालतं, पण पुढे-मागे जाणवण्याइतका हलता कामा नये.

आणखी एक. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे बदल करायला बंधनं आहेत. टर्बोची ऑर्डर देण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीकडूनही लेखी उत्तर घ्या. ईसीयूचं काम करणारा भरवशाचा माणूस मिळत नसेल, तर मूळ ७५ पीएसचाच नवा टर्बो टाका. १९० न्यूटन मीटर त्या गाडीला पुरेसे आहेत.