कॅटमरानवरची अर्ध्या दिवसाची सफर : पाण्यातला तास सत्कारणी कसा लावावा

किनाऱ्यावरच्या शहरातून निघणारी अर्ध्या दिवसाची कॅटमरान (दोन लांबट पेट्यांवर तरंगणारी शिडाची नाव) सफर चार तासांची म्हणून जाहीर केलेली असली, तरी तिच्यातला स्नॉर्केलिंगचा, म्हणजे मास्क लावून, तोंडातल्या नळीतून श्वास घेत पालथे तरंगत पाण्याखालचे पाहण्याचा, वेळ तासाभराहून फारसा जास्त क्वचितच असतो. जाण्यात साधारण एक तास, परतण्यात एक तास आणि नांगर टाकणे, सूचना ऐकणे, साहित्य वाटणे यांत अर्धा-पाऊण तास, असा हिशेब मांडला की उरतो तो एवढाच. त्यातही ज्याचा मास्क गळतो, ज्याला मळमळते किंवा जो वीस मिनिटांत कुडकुडू लागतो, त्याच्या वाट्याला खऱ्या अर्थाने दहा-पंधरा मिनिटेच येतात. त्यामुळे या सफरीची सगळी तयारी त्या एका तासाला धरून करावी. बाकीचे तीन तास आपोआप चांगले जातात.

पहिला निर्णय वेळेचा आहे आणि तो बहुतेक वेळा सकाळच्या बाजूने लागावा. दिवस चढतो तशी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्राकडून खारे वारे वाहू लागतात. दुपारनंतर त्यांचा जोर वाढतो, पाण्यावर आखूड, त्रासदायक लाटा उठतात आणि उथळ भागात तळाची वाळू ढवळून पाणी धूसर होते. सकाळी मतलई वारे ओसरलेले आणि खारे वारे अजून धरलेले नसतात. पाण्यात उतरण्यासाठी हाच अवधी सर्वांत चांगला. शिडावर चालणारी नाव अनुभवणे हाच ज्याचा मुख्य हेतू आहे, त्याने मात्र दुपारची फेरी घ्यावी, कारण सकाळच्या पडलेल्या वाऱ्यात ही नाव बहुधा इंजिनावरच चालवावी लागते.

आदल्या दिवशी वाऱ्याचा अंदाज पाहताना तो नॉटमध्ये पाहावा. दहा नॉटपर्यंतचा वारा, म्हणजे ताशी सुमारे १८ किलोमीटर, नवख्यालाही सोसतो. पंधरा नॉटच्या पुढे समुद्रावर जिकडेतिकडे पांढरा फेस दिसू लागतो आणि स्नॉर्केलच्या नळीत वारंवार पाणी शिरते; पहिल्यांदाच जाणाऱ्याने अशा दिवशी फेरी पुढे ढकलणे शहाणपणाचे आहे. जिथे भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो, तिथे तिथीही पाहावी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण असल्यामुळे प्रवाह जोरदार असतात, तर अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, ते सौम्य असतात. नदीच्या मुखाजवळच्या जागी मोठ्या पावसानंतर काही दिवस गढूळ पाणी राहते, तेव्हा जाण्यात अर्थ नसतो.

सफर नोंदवताना लोक बहुधा खाण्यापिण्याची आणि संगीताची चौकशी करतात. त्यापेक्षा काही वेगळे प्रश्न विचारावेत. प्रत्यक्ष पाण्यात किती मिनिटे मिळतील? नावेवर एकूण किती माणसे असतील आणि त्यांच्याबरोबर पाण्यात उतरणारे मार्गदर्शक किती? सगळे पाण्यात असताना डेकवर उभे राहून केवळ लक्ष ठेवणारा एक तरी माणूस असतो का? प्रत्येकाच्या मापाचे, विशेषतः मुलांच्या मापाचे लाइफ जॅकेट आहे का? व्हीएचएफ रेडिओ (समुद्रावरून संपर्क साधण्याचा संच), प्रथमोपचाराची पेटी आणि ऑक्सिजन नावेवर आहे का? हवामान बिघडल्यास पैसे परत मिळतात की दुसरी तारीख मिळते? या प्रश्नांना नीट उत्तरे देणारा चालक हवामान खराब असेल तर स्वतःच फेरी रद्द करतो, आणि ‘काही होत नाही, चला’ असे सांगणाऱ्यापेक्षा तोच अधिक भरवशाचा असतो.

प्रकृतीचा विचार येथेच करावा. नळीतून श्वास घेताना फुप्फुसांना नेहमीपेक्षा जास्त जोर लावावा लागतो, आणि पाण्यात पालथे पडल्यावर शरीरातले रक्त छातीकडे अधिक सरकते. म्हणून हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा दमा असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. पाण्यात असताना कारणाशिवाय धाप लागली, तर ‘जरा सवय होईल’ असे म्हणून पुढे जाऊ नये. उताणे होऊन नळी तोंडातून काढावी आणि मदतीची खूण करावी.

नाव लागण्याचा त्रास ज्यांना होतो, त्यांनी औषध मळमळ सुरू झाल्यावर नव्हे, तर निघण्यापूर्वी साधारण तासभर आधी घ्यावे. पोट ढवळू लागल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. यांतली बरीच औषधे झोप आणतात, आणि पेंगुळलेल्या माणसाने पाण्यात उतरणे धोक्याचे असते, म्हणून कोणते औषध घ्यायचे हे डॉक्टरांकडून ठरवून आधी एखाद्या दिवशी घरीच घेऊन पाहावे. पोट अगदी रिकामे ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. मद्य परतीच्या वाटेपर्यंत टाळावे.

कॅटमरान दोन अरुंद पेट्यांवर उभी असते आणि त्या एकमेकींपासून बऱ्याच अंतरावर असल्यामुळे ती शिडाच्या साध्या नावेसारखी एका कुशीवर कलत नाही. तरीही ती मुळीच हलत नाही, हा समज खरा नाही. बाजूने लाटा आल्या की दोन्ही पेट्या वेगवेगळ्या वेळी उचलल्या जातात आणि आखूड, तुटक हिसके बसतात. पुढच्या बाजूला दोन पेट्यांमध्ये ताणलेल्या जाळीवर पडून राहणे सर्वांना आवडते, पण नाव तिथेच सर्वांत जास्त उसळते आणि तुषारांनी माणूस परतीपर्यंत ओलाच राहतो. मळमळणाऱ्याने मध्यभागी किंवा मागच्या बाजूला, उघड्यावर बसावे, नजर क्षितिजावर ठेवावी आणि मोबाइल खिशात ठेवावा. ताणलेल्या दोरांवर आणि त्यांच्या वेटोळ्यांत पाय ठेवू नये. चपला-बूट बहुतेक नावांवर चढतानाच काढून ठेवायला लावतात, म्हणून मऊ, लहान पिशवीत टॉवेल, कोरडे कपडे, टोपी आणि पाणी एवढेच घ्यावे.

मास्कला मात्र पुरेसा वेळ द्यावा. नावेवर साहित्य वाटले जाते तेव्हा हाताला येईल तो मास्क उचलण्याची घाई होते, पण चेहऱ्याला न बसणारा मास्क पट्टा कितीही आवळला तरी गळतोच. पट्टा मागे न घालता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवावा, नाकाने हलकेच श्वास आत ओढावा आणि हात सोडावेत. तो तसाच चिकटून राहिला तर माप बरोबर आहे. घसरला किंवा कडेने हवा फुसफुसली तर दुसरा मागावा. केसांची एक बट कडेखाली अडकली तरी पाणी झिरपते, आणि दाट मिशी असलेल्यांना वरच्या ओठापाशी थोडी गळती गृहीत धरावी लागते. पट्टा डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर, कानांच्या वर यावा आणि तो घट्ट नसावा. आवळून बसवलेल्या मास्कची कड दुमडते, आणि कपाळ दुखते ते वेगळेच. काचेवर धुके धरू नये म्हणून आतल्या बाजूला थुंकी किंवा सौम्य शाम्पूचा एक थेंब बोटाने फिरवून पाण्याच्या एका हबक्याने धुवावे. थुंकीची किळस वाटते खरी, पण ती चांगली काम करते. चष्मा लावणाऱ्यांनी नंबरची काच असलेला मास्क मिळतो का, हे नोंदणीच्या वेळीच विचारावे. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क सोयीचे वाटत असले तरी मी ते सुचवणार नाही, कारण अडचणीच्या क्षणी नुसती नळी थुंकून मोकळे होता येत नाही, सगळा मास्कच उपसावा लागतो, आणि हलक्या दर्जाच्या मास्कमध्ये सोडलेली हवा आतच घोटाळत राहते.

सनस्क्रीन निघण्यापूर्वी अर्धा तास लावावे, पण कपाळावर जपून. पाण्यात ते मास्कच्या कडेवरून डोळ्यांत उतरते आणि आग होते. पालथे तरंगताना पाठ, मान आणि गुडघ्यांमागची खोबण सर्वांत जास्त भाजते, म्हणून लांब बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घातलेला बरा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्झेट ही रसायने प्रवाळांना अपायकारक मानली जातात. हवाई राज्याने १ जानेवारी २०२१ पासून ती असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घातली आहे. झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन हा त्यावरचा सोपा पर्याय आहे. अंगरखा असला की मुळात सनस्क्रीनच कमी लागते, आणि थंडीपासूनही थोडा बचाव होतो. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते, त्यामुळे उतरताना कोमट वाटलेल्या पाण्यातही अर्ध्या तासाने दात वाजू शकतात. पातळ वेटसूट मिळत असेल तर घ्यावा. तो तरंगायलाही मदत करतो.

नांगर पडला आणि इंजिन पूर्ण बंद झाले, म्हणजे लगेच उडी मारू नये. नावेच्या कडेने वाहत जाणारा फेस किंवा एखादे पान पाहावे. ते कोणत्या दिशेने आणि किती वेगाने सरकते, यावरून प्रवाहाचा अंदाज येतो. एक नॉटचा प्रवाह ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो माणसाला मिनिटाला सुमारे ३० मीटर वाहून नेतो, आणि फिन (पायात घालायचे वल्ह्यासारखे रबरी पंख) घालूनही त्याच्याविरुद्ध फार वेळ पोहता येत नाही. म्हणून सुरुवात नेहमी प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने करावी, म्हणजे थकल्यावर परतताना तोच प्रवाह नावेकडे आणून सोडतो. नियम सोपा आहे, तरीही सर्वाधिक मोडला जातो, कारण प्रवाहाबरोबर जाताना आपण फार चांगले पोहतो असे वाटते.

फिन डेकवर घालून चालू नये. शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसून ते घालावेत. पाण्यात शिरताना तळहाताने मास्क चेहऱ्यावर दाबून धरावा. शिरल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे शिडीजवळ किंवा मागे सोडलेल्या दोराला धरून, चेहरा पाण्यात घालून नुसता श्वास घेत राहावे. नवख्याचा श्वास या वेळी भराभर चालतो. तो लांब आणि सावकाश होईपर्यंत दोर सोडू नये. नळीत पाणी आले तर ‘थू’ म्हटल्यासारखा एक जोरदार फुंकर मारावा. मास्कमध्ये पाणी साचले तर डोके वर काढून खालची कड किंचित उचलावी, पाणी निघून जाते. पाय गुडघ्यातून सायकल चालवल्यासारखे न हलवता मांडीपासून, संथपणे हलवावेत आणि हात शरीराजवळ ठेवावेत. तोंडाने फुगवायचे जॅकेट थोडे फुगवलेले असावे. ते घालण्यात पट्टीच्या पोहणाऱ्यालाही कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

जोडीदाराशिवाय पाण्यात राहू नये. संकटात सापडलेला माणूस ओरडतो, हात आपटतो, अशी आपली समजूत असते. स्नॉर्केल लावलेला माणूस मात्र कित्येकदा आवाज न करता, चेहरा खालीच ठेवून निश्चल होतो, आणि दुरून तो मासे पाहतो आहे असेच वाटते. दर अर्ध्या मिनिटाला जोडीदाराकडे पाहावे आणि त्याने खुणेने उत्तर दिले पाहिजे, असे आधीच ठरवावे. नावेवरच्या माणसाला ‘ठीक आहे’ हे सांगण्यासाठी एक हात वर करून डोक्याला टेकवतात, आणि हात उंच करून हलवणे म्हणजे मदत हवी. म्हणून ओळखीच्या माणसाला सहज म्हणून हात हलवून दाखवू नये. प्रवाहात ओढले गेल्यास त्याच्याशी झुंजण्यात दम घालवू नये. जॅकेट पूर्ण फुगवावे, खूण करावी आणि छोटी होडी येईपर्यंत तरंगत राहावे. बुडी मारून खाली जाण्याची हौस असेल तर त्याआधी भराभर श्वास घेऊ नयेत; त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन श्वास घेण्याची जाणीव उशिरा होते आणि माणूस पाण्याखालीच बेशुद्ध पडू शकतो.

मास्कमधून वस्तू प्रत्यक्षापेक्षा साधारण एक-तृतीयांश मोठ्या आणि खऱ्या अंतरापेक्षा जवळ दिसतात, त्यामुळे प्रवाळापासूनच्या अंतराचा अंदाज चुकतो. गोटीसारखे वाढणारे घट्ट प्रवाळ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर ते दोनेक सेंटिमीटर वाढतात. फिनच्या एका फटक्याने तुटलेला तुकडा भरून यायला अनेक वर्षे लागतात. उथळ जागी थकून उभे राहण्याचा मोह होतो, तो टाळावा. तिथेच समुद्री साळूचे काटेही पायात मोडतात. माशांना खाऊ घालू नये आणि कासवाचा पाठलाग करू नये. एकाच ठिकाणी पाच मिनिटे निश्चल तरंगत राहिल्यास लपलेले मासे हळूहळू बाहेर येतात. सगळा परिसर पालथा घालणाऱ्यापेक्षा असा माणूस जास्त पाहतो.

परतताना फिन पाण्यातच काढून वर द्यावेत, आणि आधीचा माणूस डेकवर पोहोचेपर्यंत शिडीच्या खाली थांबू नये. लाटेने शिडी वरखाली होत असते. ती खाली आल्यावर धरावी आणि वर जाताना तिच्याबरोबर उठावे. सर्वजण वर आल्यावर माणसे नावानिशी मोजली जातात की नाही, याकडे लक्ष द्यावे, आणि मोजली गेली नाहीत तर तसे स्पष्ट सांगावे. प्रवाळाचे खरचटले असेल तर ती जागा साबणाने आणि भरपूर गोड्या पाण्याने घासून धुवावी, कारण त्याचे बारीक कण आत राहिले की जखम चिघळते. जेलीफिशचा डंख मात्र गोड्या पाण्याने धुऊ नये. समुद्राच्याच पाण्याने धुवावा, तंतू चिमट्याने काढावेत आणि वेदना वाढत असतील किंवा श्वासाला त्रास होत असेल तर किनाऱ्यावर पोहोचण्याची वाट न पाहता तांडेलाला सांगून रेडिओवरून वैद्यकीय मदत मागवून घ्यावी.